तिला सांगू नका

४ मार्च, सोमवार

वही चोल्पोनने दिली. निळ्या पुठ्ठ्याची, रेघांची. आम्हा सात नर्सना एकेक. म्हणाली, "रोज चार ओळी लिहा. मला दाखवायच्या नाहीत, कुणालाच नाही. मनात येईल ते लिहा." मी म्हटलं, "माझ्या मनात एवढंच येतंय की सोमवार म्हणजे वॉर्डात ड्रेसिंगचा दिवस, आणि मी इथे शाळकरी मुलीसारखी बाकावर बसलेय." बाकीच्या हसल्या. तीही हसली. ते मला आवडलं नाही.

तर लिहिते. मी झूराकान, वय चौपन्न. नारिनच्या मुलांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन इस्सिक-कुलला. डॉक्टर ओमुर्झाकनी माझं नाव या प्रशिक्षणात परस्पर घातलं. 'गंभीर आजारी मुलांची शुश्रूषा', सोमवारी आणि गुरुवारी, सहा आठवडे. मला वाटतं, पेन्शनीत काढायच्या आधी म्हातारीला कुठेतरी बसवून ठेवायचं, एवढाच यांचा बेत.

शिकवणारी चोल्पोन बिश्केकहून आली आहे. वय एकतीस. मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्या वर्षी ही जन्मली. मला "झूरा एजे, झूरा एजे" करते. मोठ्या बहिणीचा मान देते, तक्रार नाही. पण मी तिला मुद्दाम "तुम्ही" म्हणते.

पहिलाच प्रश्न तिने विचारला: तुमच्या हातून गेलेल्या एका मुलाचं नाव कागदावर लिहा. मी लिहिलं, 'आठवत नाही.' नावं आठवत बसले असते तर बत्तीस वर्षं काम कुणी केलं असतं?

६ मार्च, बुधवार

आज वॉर्डात अकमाराल परत आली. अकरा वर्षांची. मांडीच्या हाडात गाठ होती. शरद ऋतूत बिश्केकला उजवा पाय काढला, पुढे औषधांच्या फेऱ्या झाल्या, आणि आता छातीत पसरलंय. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घराजवळ पाठवून दिलं. केस पुन्हा उगवलेत, पिल्लाच्या पिसांसारखे.

आई सायकाल बरोबर आहे. वडील मॉस्कोत, बांधकामावर. पोरीला पलंगावर ठेवून सायकाल मला बाहेर घेऊन गेली, माझ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, "एजे, तिला सांगू नका. तिला वाटतंय ती इथे ताकद भरून घ्यायला आलीय. कुणीही काही सांगू नका."

मी म्हटलं, "आम्ही कधीच सांगत नाही." खरंच आहे ते. आम्ही कधीच सांगत नाही.

७ मार्च, गुरुवार

वर्गात चोल्पोनने सहा चेहरे काढलेला कागद दाखवला, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मुलाला विचारायचं, तुझं दुखणं यातलं कुठलं? मी म्हटलं, "आम्ही पोराच्या चेहऱ्याकडेच बघतो. तो कागदावर काढलेला नसतो." तर म्हणते, "पण एजे, काही मुलं चेहरा लपवतात ना?"

मला शिकवलं ते एम्मा गेनरिखोव्हना यांनी. जर्मन बाई. त्यांच्या आईबापांना युद्धात व्होल्गाकाठून उचलून इकडे आणून टाकलं होतं. वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. टोपीला इतकी खळ की टिचकी मारली तर वाजावी. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया दगडावर धार लावून पुन्हा वापरायच्या. माझी लावलेली धार त्या आधी स्वतःच्या बोटाच्या टोकावर बघायच्या. "मुलाच्या कातडीआधी माझी," म्हणायच्या. सकाळी सहाला त्या वॉर्डात शिरल्या की उकळत्या पाण्याचा, साबणाचा आणि रव्याच्या खिरीचा वास एकत्र यायचा. तो वास मला अजून कधीकधी येतो. भिंती तेव्हा निम्म्या हिरव्या होत्या, हे पोपडे नव्हते. सगळं कमी होतं, पण सगळं जागच्या जागी होतं.

त्यांचे तीन नियम. पलंगाजवळ रडायचं नाही. मुलाला आजाराचं सांगायचं नाही. आईबापांना वर वॉर्डात घ्यायचं नाही. तो तर सगळ्या देशाचाच नियम होता. आया खाली अंगणात बर्फात उभ्या राहायच्या आणि आम्ही पोरांना उचलून खिडकीशी धरायचो.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. डॉक्टर ओमुर्झाकनी प्रत्येकीला एकेक ट्युलिप दिलं, दरवर्षीसारखं थोडं कोमेजलेलं. अकमारालने माझं फूल मागून घेतलं आणि आईला दिलं.

एम्मांच्या काळात या दिवशी केक असायचा. मागच्या कोळशाच्या खोलीत स्टूल मांडून खायचो. त्या खोलीवरून आठवलं, तिथून वर जाणाऱ्या जिन्याचं कुलूप फार वाईट होतं. दर रविवारी बिघडायचं. आणि नेमक्या तेव्हाच दोन-तीन पोरांच्या आया वर यायच्या. एम्मा तेवढ्या वेळात औषधांची यादी तपासायला खालच्या मजल्यावर गेलेल्या असायच्या. मी धावत जाऊन सांगितलं की म्हणायच्या, "ऑफिसात अर्ज दिलाय, दुरुस्त करत नाहीत. मी तरी काय करू?" सोमवारी कुलूप पुन्हा चालायचं. रशियन माल असाच.

११ मार्च, सोमवार

हा कुलपाचा किस्सा आज वर्गात सांगितला, चहाच्या वेळी, गंमत म्हणून. चोल्पोन कप हातात धरून बघतच राहिली.

"दर रविवारी?"

"दर रविवारी. जुनं कुलूप होतं ते."

"आणि त्या स्वतः कधी रडल्या नाहीत?"

"एम्मा? छे! कपड्यांच्या खोलीतून आल्या की डोळे लाल असायचे, पण ते ब्लीचिंग पावडरीमुळे. ती त्यांना सोसायची नाही. मला काही व्हायचं नाही."

ती फळ्याकडे वळून बराच वेळ काहीतरी पुसत बसली. फळा कोराच होता.

१४ मार्च, गुरुवार

आज नाटकातल्यासारखं करायचं होतं. आमच्या वॉर्डातली बातमा आजारी मूल झाली आणि मी नर्स. बातमा शंभर किलोची. ती दोन बाकं जोडून आडवी झाली, बाकं करकरली. बारीक आवाजात विचारते, "एजे, मी बरी होणार ना?"

माझ्या तोंडून आपोआप आलं, "होशील गं, वसंत आला की बरी होशील."

बातमा डोळे उघडून म्हणाली, "वसंतच चालू आहे की, एजे."

सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. पण घरी येताना पुलावर थांबले, नदीचा बर्फ फुटताना बघत. वसंत आला की बरा होशील, हे मी एर्मेकला सांगितलं होतं, चौऱ्याऐंशी साली. सहा वर्षांचा. त्याला दुधावरची साय हवी असायची, आणि मी ती चमच्यावर गुंडाळून न्यायचे. ताबाल्दीलाही तेच सांगितलं, तो पलंगाच्या दांड्यावर घोडा घोडा खेळायचा. उमसुनाई, तिला काजळ घालायचं असायचं. झामीरा. जुळ्यांतली छोटी, बहिणीच्या नावाने हाक मारली की चिडायची. तिच्या बहिणीचं नाव काही आठवत नाही. नावांच्या बाबतीत मी पहिल्यापासून कच्चीच.

१८ मार्च, सोमवार

वर्गातून थेट वॉर्डात गेले. सायकाल जेवण गरम करायला खाली गेली होती. अकमारालने विचारलं, "एजे, तुमचं अक्षर चांगलं आहे?"

"छापल्यासारखं आहे."

"मग लिहून घ्याल? माझा हात दुखतो. पण आधी दार लावा."

मला वाटलं शाळेचा अभ्यास असेल. तिने छताकडे बघत सांगायला सुरुवात केली. लाल स्वेटर, मामाच्या मुलाला, जिपारला. रंगपेटी, वर्गातल्या बाईंना, त्या नवीन मुलांना देतील. कानातली चांदीची, मोठ्या आजीला परत. बूट, दोन्ही, चुलतबहीण सेझिमला.

"वडिलांनी मॉस्कोहून पाठवलेत. डावा जरा झिजलाय, सेझिमला सांगा, रागावू नकोस म्हणावं. उजवा नवाच आहे, तो मी घातलाच नाही."

पेन्सिल माझ्या हातात होती. मी फक्त लिहीत होते. एम्मांनी शिकवलं होतं तशी पाठ ताठ ठेवून.

"हे कधी द्यायचं?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"नंतर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आईला ती अपा म्हणते. "एजे, अपाला सांगू नका. तिला वाटतंय मी बरी होणार. तिला कळलं तर ती एकटी काय करेल?"

कागद घडी करून मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. सायकाल वाटी घेऊन आली, मांसाचं सूप. म्हणाली, "काय चाललं होतं दोघींचं?" अकमाराल म्हणाली, "एजे मला शुद्धलेखन शिकवत होत्या."

२१ मार्च, गुरुवार. नूरुझ

नववर्षाच्या सणामुळे वर्ग नव्हता. चौकात रात्रभर सुमोलोक शिजवलं होतं, बातमा डबा भरून वॉर्डात घेऊन आली. गव्हाच्या अंकुरांचा तो गोड दाट वास आला की मी थेट सात वर्षांची होते. आमच्या गावात कढईत गारगोट्या टाकायचे, तळाला लागू नये म्हणून. जिच्या वाटीत गारगोटी येईल तिने इच्छा धरायची. आमची आई प्रत्येकीच्या वाटीत चोरून एकेक टाकायची. तिला वाटायचं आम्हाला कळत नाही.

अकमारालने तीन चमचे खाल्लं. सायकाल तिचे पिसांसारखे केस विंचरत बोलत होती, "जूनमध्ये कुरणावर जाऊ. चुलतकाकांच्या तंबूत राहू. ताजं घोडीचं दूध प्यायचं, गाल कसे लाल होतील बघ!"

"हो अपा," पोर म्हणाली, "वर थंडी असेल. मी लाल स्वेटर घालीन."

लाल स्वेटर! माझ्या खिशात तो जिपारच्या नावावर होता. मी हातातला डबा घेऊन बाहेर आले, धुवायला. डबा रिकामा नव्हता हे नळाखाली धरल्यावर कळलं.

२५ मार्च, सोमवार

वर्ग संपल्यावर मागे थांबले. चोल्पोनला म्हटलं, समजा एका घरात दोघीजणी आहेत. पहिली म्हणते दुसरीला सांगू नका, दुसरी म्हणते पहिलीला सांगू नका. आणि दोघींनाही सगळं ठाऊक आहे. तर मधल्या बाईने काय करायचं?

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, एजे?"

भडकलेच मी. "अगं, शिकवायला तू आलीस आणि उत्तर मी द्यायचं? पगार तू घेतेस ना?"

ती हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, "माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आम्ही सगळे एकमेकांना सांभाळत राहिलो. तो गेल्यावर कळलं, त्याला माझ्याशी बोलायचं होतं आणि मी सारखी गाणी लावत होते. मधली बाई नव्हती आमच्याकडे."

मी तिला 'तू' म्हटलं हे घरी आल्यावर लक्षात आलं. आता पुन्हा 'तुम्ही' म्हटलं तर बरं दिसणार नाही.

२९ मार्च, शुक्रवार

चार दिवस चेहऱ्यांचा कागद अकमारालच्या उशाशी ठेवला. दर चार तासांनी बोट ठेवायचं, मी लिहायचं. आई जवळ असली की बोट तिसऱ्या चेहऱ्यावर. आई बाहेर गेली की सहाव्यावर. काही मुलं चेहरा लपवतात, हे त्या पोरीने, म्हणजे चोल्पोनने, बरोबर सांगितलं होतं.

कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. ओमुर्झाक आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. ते चष्मा वर करून म्हणाले, "मॉर्फिन? आत्ताच? झूरा, ते अगदी शेवटचं औषध."

"शेवटचं नाही, डॉक्टर. दुखण्याचं औषध आहे. दुखतंय आत्ता."

"सवय लागेल."

"किती वर्षांनी?"

त्यांनी कागद उलटसुलट केला. "तू कधीपासून एवढं लिहायला लागलीस?"

"वही दिलीय मला," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. सायकालला समजवायला तासभर गेला, तिच्याही मनात मॉर्फिन म्हणजे शेवट. संध्याकाळी अकमाराल सलग पाच तास झोपली. सायकाल पलंगाशेजारी बसून तिचा श्वास मोजत होती. मला म्हणाली, "एजे, किती महिन्यांनी ती कण्हत नाहीये."

एम्मांच्या वेळी मुलांना एवढं द्यायचे नाहीत. त्यांनी किती वेळा मागितलं असेल, आणि किती वेळा 'नाही' ऐकलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही.

३१ मार्च, रविवार

सकाळी अकमाराल ताजीतवानी होती. मी विचारलं, "तुझा कागद मी किती दिवस सांभाळू?"

"जड आहे का?"

"आहे थोडा."

ती छताकडे वळली. मग म्हणाली, "अपा रडेल."

"रडेल."

"मग तिच्याजवळ कोण बसेल?"

"तू आहेस ना. आत्ता आहेस."

तिने पांघरुणाची कड सरळ केली आणि म्हणाली, "बरं. पण तुम्ही सुरुवात करून द्या."

बाहेर सायकाल मोजे वाळत घालत होती. मी म्हटलं, "सायकाल, तुझी एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती तुझ्या मुलीला सांगायची नाही. तुझ्या मुलीचीही एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती तुला सांगायची नव्हती. मला आता दोन्ही सांभाळता येत नाहीत."

तिच्या हातातला मोजा खाली पडला. "तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती मरणाला भिते त्यापेक्षा तुझ्या रडण्याला जास्त भिते. आत जा. तुझीच वाट बघतेय."

मला वाटलं ती माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. ती आत गेली. मी दार ओढून घेतलं आणि बादली-फडकं घेऊन दारासमोर फरशी पुसत बसले. डॉक्टर राउंडला आले.

"बाजूला हो, झूरा."

"फरशी ओली आहे."

"बत्तीस वर्षांत तू फरशी पुसलेली मी पाहिली नाही."

"म्हणून तर जास्त वेळ लागतोय."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, आतलं रडणं ऐकलं, आणि पुढच्या खोलीत गेले.

दीड तास. आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग आवाज आला, जनावरासारखा, तो सायकालचा. मग दोघींचा. मग बराच वेळ नुसती कुजबुज. आणि एकदा, खरंच सांगते, हसल्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा सायकालचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "एजे, फोन द्या. तिला वडिलांशी बोलायचंय. मी त्यांनाही काही सांगितलं नव्हतं."

मी चुकले की बरोबर, कळत नाही. एम्मांनी मला या वॉर्डातून हाकलून दिलं असतं.

६ एप्रिल, शनिवार

वडील आले. एमिल नाव. साडेतीन दिवस आगगाडी, मग घाटातून टॅक्सी. पाठीवर पिशवी, बोटांना सिमेंटच्या भेगा. वॉर्डाच्या दारातच थांबला, बूट काढू की नको कळेना. अकमारालने हाक मारली, "या ना, इथे आता सगळ्यांना आत घेतात."

९ एप्रिल, मंगळवार

घरी पाठवलं. पोरीचीच इच्छा. दोन दिवस मी एमिल आणि सायकालला शिकवलं: कुठली गोळी किती वाजता, दुखणं वर आलं तर जादा किती, पोट साफ व्हायला काय द्यायचं, श्वास अडखळला तर कसं बसवायचं. एमिल गवंडी, त्याने सगळं मापाच्या पट्टीने रेघा मारून मोठ्या पुठ्ठ्यावर लिहिलं. इतकं सरळ कोष्टक आमच्या वॉर्डात नाही.

१४ एप्रिल, रविवार

चोल्पोन आणि मी डॉक्टरांच्या जुन्या गाडीतून त्यांच्या गावी गेलो, अत-बाशीच्या पलीकडे. वाटेत चोल्पोन एम्मांबद्दल विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. गॉजच्या घड्या घालताना आम्ही गायचो, एम्मा जर्मनमध्ये आणि मी किर्गिझमध्ये, चाल मात्र एकच. ब्याण्णव साली त्या जर्मनीला गेल्या. जाताना वॉर्डात शेवटचा फेरफटका मारला, प्रत्येक पलंगाचा दांडा हाताने पुसला. माझ्याशी फक्त हात मिळवला. फार कोरड्या बाई. बस सुटल्यावर खिडकीत मागे वळून बघितलंही नाही, रुमाल तोंडावर धरून बसल्या. त्यांना बस लागायची.

चोल्पोन गाडी चालवता चालवता म्हणाली, "तुम्ही फार भाग्यवान आहात, एजे." त्या बोलण्याचा काही अर्थ लागला नाही.

अकमाराल खिडकीशी गोधड्यांत बसली होती. लहान झाली होती, पण कपाळावर आठी नव्हती. यादीतलं सगळं तिने स्वतःच वाटून टाकलं होतं. म्हणाली, "कुणी काय तोंड करतं ते बघायचं होतं मला." जिपार लाल स्वेटर घालून ऐटीत बसला होता. नऊ वर्षांची सेझिम अंगणात बूट घालून उड्या मारत होती, आणि ही आतून काच वाजवून ओरडत होती, "चिखलात नको! अगं, चिखलात नको!"

एमिलने आमच्यासाठी बोकड कापायचा ठरवला होता, चोल्पोनने कसंबसं थांबवलं. चहा घेतला, तळलेले बोरसोक खाल्ले. निघताना सगळ्यांनी दुवा मागून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. अकमारालने माझा हात धरून विचारलं, "एजे, दुखेल का तेव्हा?"

मी म्हटलं, "दुखायला लागलं तर औषध आहे. अपाला माहितीय, वडिलांना माहितीय. तू एकटी नसशील. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा काच वाजवायला वळली.

२५ एप्रिल, गुरुवार

सायकालचा फोन. आज सकाळी, चहा झाल्यावर. डोकं वडिलांच्या मांडीवर होतं. दुखलं नाही.

डॉक्टर म्हणाले घरी जा. गेले नाही. दिवसभर गॉजच्या घड्या घातल्या.

४ जून, मंगळवार

पोरीचा चाळिसावा दिवस. मी जायला घाबरत होते. माणसं जमलेली, मोठी कढई चढलेली. सायकालने मला आत आपल्याशेजारी बसवलं. म्हणाली, "एमिलला तिच्याबरोबर एकोणीस दिवस मिळाले. मी त्याला मे महिन्यापर्यंत काही सांगणार नव्हते." एवढंच. मग मला ताटात वाढून दिलं, मोठ्यांना देतात तो मांसाचा तुकडा. मी खाल्ला.

१७ जून, सोमवार

नवीन वर्ग सुरू झाला. या वेळी डोंगरातल्या लहान दवाखान्यांतून बारा जणी आल्यात; लांबच्या, म्हणून वर्ग रोज. आणि चोल्पोनने पहिला दिवस मला घ्यायला लावला. मी पंधरा दिवस तयारी केली होती: दुखणं कसं मोजायचं, औषध वजनाप्रमाणे किती, आईशी कसं बोलायचं. तीन पानं छापल्यासारख्या अक्षरात.

सगळं वाया गेलं.

सुरुवातीला अकमारालचं थोडक्यात सांगितलं, दहा मिनिटं, नुसतं उदाहरण म्हणून. मग पान उलटलं, तर मागच्या बाकावरची एक बाई उठली. जुम्गालकडची, साठीची, नाव ओरोझकान. पहिल्यापासून हाताची घडी घालून बसली होती. वाटलं आता माझी फजिती करणार. म्हणाली, "औषधाचं राहू दे थोडं. बर्फाने घाट बंद होता, एकोणऐंशी साल. मी एकटी एका पोराला घसरगाडीवरून खाली आणत होते. तो विचारत होता, पोहोचू ना? मी म्हणत होते, संध्याकाळपर्यंत पोहोचू. मला माहीत होतं पोहोचत नाही. कुबान नाव होतं त्याचं. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही."

आणि खाली बसली.

तेवढ्यात तिच्या शेजारची बोलायला लागली. मग खिडकीजवळची तरुण मुलगी, जेमतेम दोन वर्षं नोकरी झालेली. मग आणखी एक. मी थांबवायला हवं होतं, वर्ग माझा होता. पण कुणी बोलत असताना मध्येच थांबवणार कसं? मी चोल्पोनकडे बघितलं, तर ती भिंतीला टेकून उभी, मदत करायचं नाव नाही. जेवण आलं, झाकून ठेवलं, गार झालं. साडेतीनपर्यंत बाराच्या बारा जणींचं बोलून झालं. ओरोझकानने उठून सगळ्यांना चहा ओतला, सगळ्यात आधी त्या तरुण मुलीला.

माझी तीन पानं तशीच राहिली. मी चोल्पोनला म्हटलं, "माफ कर, आजचा दिवस फुकट गेला. काहीच शिकवून झालं नाही."

ती म्हणाली, "उद्या पण असंच घ्या, एजे."

थट्टा करत असेल. उद्या सातलाच जाते आणि कुणी यायच्या आत औषधाचं कोष्टक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. म्हणजे निदान तेवढं तरी त्यांच्या पदरात पडेल.